कोल्डशीलची विचारणी

कोल्डशील,
७ फेब्रुवारी १९०९

प्रिय फीमीस,
एलीचा चिंध्या बांधलेल्या बोटांनी सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो आळसाने नव्हे, बोटांमुळे. इथे जमीन अशी गोठली आहे की शलगमाचा गड्डा ओढला की पानंच हातात येतात आणि गड्डा खाली बसून हसतो. मग कुदळीने उकरायचा, पात्याने त्याची शेंडी-मुळं छाटायची, आणि पुढचा. संध्याकाळपर्यंत बोटं कोणाची आहेत तेच कळत नाही.

यार्मथला मासळीच्या धक्क्यावर मीठ झोंबायचं, पण तिथे आजूबाजूला पन्नास पोरी गात असायच्या. हेरिंग मासे चिरता चिरता एखाद्या खलाशाची अशी फजिती करायच्या की तो बिचारा टोपली टाकून पळे. तिथे एक पोपटवाला होता, त्याचं तुला सांगितलं का? पोपट फक्त शिव्या द्यायचा आणि त्याही डच भाषेत, म्हणून पाद्रीसाहेबसुद्धा उभं राहून ऐकायचे. इथे माझ्या बाजूच्या सरीत म्हातारी नॅन असते. ती सकाळपासून दुखऱ्या दाढेबद्दल बोलते. दाढ पडली त्याला वर्ष झालं.

मूळ गोष्ट राहिलीच. मी डिसेंबरात आले ती महिन्याभरासाठी. पण तू लग्न करून गेल्यावर बाबांनी शेतकामाला ठेवलेली लिझी, नोव्हेंबरात तीही लग्न करून गेली. जोडीच्या बाईची जागा रिकामी आणि मी दारात पेटी घेऊन उभी. आईने पेटी आत नेली आणि खुंटीवरची शेतकामाची पेंढ्याची टोपी खाली काढली. तुझी टोपी गं. माझं डोकं तिच्या मापाचं होईपर्यंत ती तिथे टांगून वाट बघत होती.

तू कोल्डशीलचीच, तुला काय सांगायचं? मालकाच्या शेतात राबायला जोडीची बाई दिली नाही तर सालगडी नाही, सालगडी नाही तर घर नाही. दुसरी मुलगी कामाला ठेवावी म्हटलं तर मिळत नाही. सगळ्या तुमच्या न्यूकॅसलला. आणि आता महिन्याअखेर विचारणी आहे. मालक ऑर्डसाहेब तबेल्याच्या दारोदार फिरेल. ज्याला विचारील तो राहील, ज्याला न विचारता पुढे जाईल त्याने मे महिन्यात बिऱ्हाड गाडीत घालायचं. ओळीतल्या आठही घरांतले पुरुष सध्या मालक दिसला की टोपी जरा जास्तच उंच उचलतात. बाबासुद्धा.

आणि मी काय करून बसले आहे ते ऐक. जानेवारीत सीहाउसेसला मावशीकडे गेले होते, तिथे मासळीच्या व्यापाऱ्याचा विसार घेतला. मेच्या अखेरीस शेटलंडची बोट. आमची तिघींची टोळी, दोघी चिरतात, एक पिंपात भरते. एक गळली तर उरलेल्या दोघींना कोणी घेत नाही. बेकी आणि तिच्या बहिणीने माझ्या भरवशावर विसार घेतला आहे. त्यांचा बाप गेल्या वर्षी बुडाला, हे तुला माहीत आहेच.

हे मी आईला सांगितलं. तिने ऐकलं आणि भाकरी उलटली. बाबांना सांगायचं धाडस होत नाही. त्यांनी मला काही विचारलेलंही नाही. विचारलं तर सांगेन ना! तू त्यांना लिही. तुझं ते ऐकतात, कारण तू लांब आहेस.

मॅटभावजींना नमस्कार. सासूबाईंना जितका लागेल तितका.
तुझ्या मायेची भुकेली,
एली


न्यूकॅसल,
१५ फेब्रुवारी १९०९

चि. एलीस,
फीमीचे अनेक उत्तम आशीर्वाद आणि कपाळावर एक टपली.

विचारणी तोंडावर आली असताना दुसरीकडचा विसार घेणारी मुलगी उभ्या परगण्यात तू एकटी असशील. तुला लहानपणी आई म्हणायची की ही पोर एका वाटेवर दोन दिशांना चालते, ते आठवलं. हसू आलं आणि मग हसू थांबलं.

टोपीचा टोमणा पोचला. मी लग्न टोपी उतरवायला केलं नाही बाई, मॅटसाठी केलं. पण उतरली हे खरं, आणि उतरल्याचं वाईट वाटलं नाही हेही खरं. आता माझ्या डोक्यावर काय आहे ते ऐक. एकीवर एक अशा दोन खोल्या, त्यातली खालची, उजेडाची, सासूबाईंची. मी जिन्यावरून चालले की त्या खालून काठीने ठोकतात आणि मी थांबले तरी ठोकतात. मॅटच्या गोदीत काम कमी झालं आहे, आठवड्यातले निम्मे दिवस तो घरी बसून खिडकीची कडी दुरुस्त करतो. ती कडी आता इतकी दुरुस्त झाली आहे की खिडकीच उघडत नाही. आणि ऑगस्टात आमच्याकडे पाळणा हलणार आहे. आईला तूच सांग, माझ्याच्याने लिहवत नाही.

तेव्हा मला तिकडे येऊन टोपी घालता येणार नाही, आणि आईबाबांना इकडे ठेवायला जागा नाही. हे तू विचारलं नाहीस, पण तुझ्या पत्राच्या शाईत मला ते दिसलं.

माझं ऐक. विसार परत पाठव. एक वर्ष काढ. बाबांचे गुडघे तू बघतेस, मी न बघताही जाणते. या वयात नवा मालक, नवे घोडे त्यांना झेपणार नाहीत. एक वर्ष म्हणजे जन्म नव्हे. बेकीला दुसरी कोणी मिळेल.

आणि बाबा विचारतील म्हणून वाट बघू नकोस. त्यांनी जन्मात फक्त घोड्यांना विचारलं आहे, पाणी पिणार का म्हणून. तूच जाऊन बोल. मी त्यांना लिहिणार नाही. लिहिलं तर ते पत्र घडी करून खिशात ठेवतील आणि म्हणतील, फीमी मजेत आहे.

ममता आहेच, मागायला नको.
तुझी,
फीमी


कोल्डशील,
२८ फेब्रुवारी १९०९

प्रिय फीमीस,
एलीचा सा. न. वि. वि.

विचारणी झाली. नीट सांगते, मध्ये भरकटले तर माफ कर.

बोलायचं मी रोज ठरवत होते. एकदा बाबांच्या मागे तबेल्यात गेलेसुद्धा. ते कॅप्टन आणि ब्लॉसमला खरारा करत होते. ब्लॉसम आता म्हातारी झाली, पण बाबा आत आले की अजून कान हलवते. मी म्हटलं, बाबा, मला बोलायचंय. ते म्हणाले, दार लाव, वारा येतो. मी दार लावलं. बाहेरून.

शुक्रवारी सकाळी ऑर्डसाहेब आला. ओळीतल्या सगळ्या बायका अचानक दारं पुसायला बाहेर. आईसुद्धा. मी शेणखताची पाटी घेऊन तबेल्याच्या भिंतीशी होते, ऑर्डच्या छडीला हात लागेल इतकी जवळ. त्याने बाबांना विचारलं की काय टेट, राहताय ना. बाबा म्हणाले, राहतो मालक. मग त्याने विचारलं, आणि मुलगी? बाबा म्हणाले, आहे की.

फीमी, आहे की! जसं बादली आहे की, दोर आहे की. तेवढंच. आणि ऑर्ड पुढच्या दाराकडे वळलासुद्धा.

माझ्या तोंडून निघून गेलं की मला कोणी विचारलंच नाही. मोठ्याने नाही म्हटलं, पण सगळे ऐकायलाच बाहेर आले होते ना! ऑर्ड वळला. त्याला राग आला नाही, गंमत वाटली. तो बाबांना म्हणाला, टेट, तुमच्याकडे घोडेही बोलतात की काय? नॅन फिदीफिदी हसली. मग मला चेव आला. मी म्हटलं, घोडी नाही साहेब, मी एली टेट, मी शेटलंडच्या बोटीचा विसार घेतला आहे आणि मेमध्ये मी जाणार.

तो बाबांकडे बघत राहिला. बाबा पाटीकडे बघत राहिले. ऑर्ड म्हणाला, मग मी तुम्हाला विचारलंच नाही असं समजा. आणि पुढच्या दाराला गेला. संपलं. अकरा वर्षांचं कोल्डशील, छडी उचलून खाली टेकवेपर्यंत.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तर मांजराला सांगतात. म्हणतात, तिला म्हणावं मीठ सरकव. मी सरकवते. मांजर दोघांकडे बघतं.  काल मी आईला म्हटलं की मी साहेबाकडे जाऊन माफी मागते. ती म्हणाली, ऑर्डने त्याच दिवशी वुलरच्या एका माणसाला शब्द दिला, त्याला दोन मुली आहेत. मग म्हणाली, कोंबड्या आत घे.

आता वुलरचा गडी ठरवायचा बाजार. बाबा तिथे उभे राहणार, या वयात, छातीवर टोपी धरून. आणि पहिला प्रश्न काय असेल ते तुला माहीत आहे.

तू म्हणालीस एक वर्ष म्हणजे जन्म नव्हे. पण फीमी, आईनेही एकच वर्ष म्हटलं असेल ना कधीतरी? तुला चिडवायला लिहीत नाही. रात्री तीच गोष्ट डोक्यात येते.

मोडलेली का होईना, तुझीच,
एली


न्यूकॅसल,
४ मार्च १९०९

चि. एलीस,
फीमीचे आशीर्वाद, टपली यावेळी नाही.

घोडी बोलते ते वाचून मी इतकी हसले की सासूबाईंनी खालून ठोकलं. मग रडले तर परत ठोकलं. मॅट म्हणाला, तुझ्या बहिणीला गोदीत पाठव, आमच्या मुकादमाला कोणीतरी असं बोलायला हवं. पुरुषांचं काय जातं?

मी त्याला आईबाबांना इकडे आणायचं विचारलं. तो नाही म्हणाला नाही. त्याने खोलीभर नजर फिरवली आणि कडी दुरुस्त करायला बसला. मला कळलं.

आता एक ऐक. आईचं मला पत्र आलं, चार ओळींचं. रुंद काळी फीत पाठव म्हणाली, आणि टोपीला आतून लावायला मऊ जुनं कापड. मी पाठवलं. म्हणजे ती तुझ्यासाठी नवी टोपी करते आहे. तू शेवटी नमशील असं तिने धरलंच आहे. आई तुला पोटातून ओळखते, एली. मी पुन्हा तेच सांगते, बाजारात बाबांच्या शेजारी उभी राहा. बाबांना एकट्याने तिथे उभं करू नकोस. पुढचं पुढे बघू.

भलती वेळ आहे, म्हणून लोभ दुप्पट धर.
तुझी,
फीमी


कोल्डशील,
१० मार्च १९०९

प्रिय फीमीस,
एलीचा नमस्कार वि. वि. पाय सुजला आहे, तो का ते पुढे येईलच.

टोपी माझ्यासाठी नव्हती.

आम्ही दोघं गेलो, बाबा आणि मी. आईने सकाळी सांगितलं की ती नंतर येईल, अंडी विकायची आहेत. वुलर तुला आठवतं तसंच. आल्याच्या केकचं दुकान, एका डोळ्याचा फिडलवाला, आणि चिखल. फिडलवाल्याने मला ओळखलं, गेल्या वर्षी तो यार्मथच्या धक्क्यावर होता. म्हणाला, तू इथे काय करतेस मासळीबाई? काय सांगणार! त्याच्या आता दुसऱ्या डोळ्यावरही पडदा येतोय, तरी गाणं एकही चुकलं नाही.

बाबा पुरुषांच्या रांगेत उभे राहिले. मी जरा लांब, केकच्या दुकानाशी. मी मनात ठरवलं होतं की तीन मालक नाही म्हणाले की मी जाऊन शेजारी उभी राहीन आणि विसार परत पाठवीन. बेकीला काय लिहायचं तेही जुळवलं होतं. तू लिहिलंस म्हणून नाही. बाबांनी टोपी काढली तेव्हा डोक्यावरचं पांढरं टक्कल दिसलं म्हणून.

पहिल्या मालकाने बाबांचे हात बघितले, गुडघ्यांकडे बघितलं, बाई आहे का म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, नाही. तो गेला. दुसऱ्याने आधी बाईचंच विचारलं. तोही गेला. तिसरा केस्टरिगचा हेरन, उंच, लाल मानेचा. तो आला तशी मी निघाले. वाटेत एक गाडी आडवी आली, मेंढ्या भरलेली. ती जाईपर्यंत मी थांबले. गाडी गेली आणि बघते तर बाबांच्या शेजारी आई.

डोक्यावर नवी पेंढ्याची टोपी, तुझी रुंद काळी फीत, हनुवटीखाली रुमाल, जाड पट्ट्यांचा घागरा, बूट घासलेले. जोडीच्या बाईचा सगळा पोशाख. लग्नाला निघाल्यासारखी ताठ. फीमी, क्षणभर मी ओळखलंच नाही. मला वाटलं, बाबांना कोणी बाई मिळाली.

हेरन हसला. म्हणाला, आजीबाई, थंडी फार आहे, मुलीला पाठवा. आई म्हणाली, मुलगी समुद्रावर जाते. तो म्हणाला, पण तुमचं वय? आई म्हणाली, साहेब, उपटणारीचं वय शलगम विचारत नाही, तुम्हीच का विचारता? आजूबाजूचे हसले. तो लाल होता तो आणखी लाल झाला. आई म्हणाली, मी बारा वर्षांची असल्यापासून सरीत आहे, मध्ये दोन मुली झाल्या तेवढीच उसंत. हवं तर आत्ता शेतावर चला, तुमची सगळ्यात दांडगी पोर माझ्या बाजूच्या सरीत लावा.

तेव्हा मी धावले. म्हटलं, साहेब, मी आहे, मी येते, हिला सोडा. आणि आईने बुटाची टाच माझ्या पायावर ठेवली. रोवलीच म्हण. तोंडावर काही नाही, हेरनकडे बघून हसते आहे, आणि खाली माझं बोट चिरडते आहे. तिने हेरनला सांगितलं की ही पोर विसार घेतलेली आहे, दोन ठिकाणी बांधलेलं माणूस तुम्हाला नको.

हेरनने बाबांना घेतलं. वर्षभरासाठी, बघू कसं होतं ते, असं म्हणून. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. विहिरीत बादली सोडावी आणि दोर रिकामा वर यावा, तसं.

येताना आम्ही तिघं एका गाडीत. आई अंडी विकून आली होती, रिकामी टोपली मांडीवर. मी रडून म्हटलं की मी राहते गं, अजून सांगता येईल. ती म्हणाली, तू राहिलीस तर मी बाजारात उगाच उभी राहिले असं होईल. आणि मला तेवढी फुरसत नाही.

म्हणजे मी मोकळी झाले. बोट आहे, बेकी आहे, सगळं आहे. आणि मला उठवत नाही, फीमी. सुजलेला एकच पाय आहे, पण दोन्ही उचलत नाहीत.

तुझी,
एली


लेरविक,
६ जून १९०९

प्रिय फीमीस,
एलीचा खाऱ्या हातांनी सप्रेम नमस्कार.

पोचले. बेकी बोटीत इतकी ओकली की कप्तान म्हणाला, हिला परत न्यायचं असेल तर दोनदा भाडं लागेल. इथे रात्र होतच नाही, आभाळ नुसतं राखाडी होऊन परत उजाडतं. त्यामुळे झोपलो का नाही यावर रोज भांडणं.

तुला बिऱ्हाड हलवल्याचं सांगायचं होतं. तेरा मेला हेरनच्या दोन गाड्या आल्या. पेटीपलंग उतरवला तर मागे भिंतीवर आपण दोघींनी खडूने काढलेली गाय निघाली. आईने ती पुसली, नव्यांना घर स्वच्छ द्यायचं म्हणून. कोंबड्या पोत्यात, मांजर टोपलीत, आई वर पलंगाच्या फळ्यांवर बसलेली. ओळीतून तीन घरं हलली, सगळीकडून गाड्याच गाड्या, आणि ज्या घरांत मंडळी जात होती तिथलीही बिऱ्हाडं बाहेर. नॅन दारात येऊन रडली. दाढ विसरली होती.

बाबा गाडीजवळ नव्हते. मी तबेल्यात गेले. ते कॅप्टनच्या मानेवर हात ठेवून उभे होते. घोडे मालकाचे, त्यांना थोडेच नेता येतात! नवा गडी दारात आला, तरणा, हातात स्वतःचा खरारा. बाबांनी त्याला सांगितलं की ब्लॉसमला डावीकडून जुंपायची, उजवीकडून ती रुसते. तो म्हणाला, हो काका. बाबा बाहेर आले.

माझ्याशी त्या दिवशीही बोलले नाहीत. पण लेरविकला पोचून पेटी उघडली तर माझी मासळीची सुरी कोणीतरी पाजळून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवली होती. पहिल्याच दिवशी अंगठा कापला. इतकी धार मी कधी वापरली नव्हती.

इथे सगळं मला हवं तसंच आहे. पोरी गातात, समुद्र आहे, उद्या कुठे असू ते माहीत नाही. पण जूनमध्ये शलगमाची विरळणी असते ना. वाकून, कोयत्याएवढ्या कुदळीने, एकेक रोप. मी मासळी चिरते आणि सारखी कोणाची तरी पाठ डोळ्यांपुढे येते. पळून आले खरी. मात्र कुठेतरी माझ्याच घागऱ्याचा काठ दारात अडकलाय.

तू जपून राहा. जिन्यावरून हळू. ठोकू दे त्यांना.
तुझ्या प्रेमात काटछाट नको,
एली


न्यूकॅसल,
२० सप्टेंबर १९०९

चि. एलीस,
फीमीचे आशीर्वाद, आणि एका नव्या माणसाचा तुला जांभईसकट नमस्कार.

मुलगी झाली. नाव मार्जरी, आईचंच. केस तुझ्यासारखे, म्हणजे कुठेही जातात. सासूबाईंनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं, आता तिला आमच्याकडे देतच नाहीत. काठी कुठे गेली कोणाला ठाऊक नाही.

आई आली नाही. मी वाट बघत होते. बाळंतपणाला आई येणार म्हणून मॅटने खिडकी उघडी करून ठेवली होती, बघ. तिचं पत्र आलं की कापणी सुरू आहे, जोडीच्या बाईला कापणीत सोडत नाहीत, सोडलं तर बाबांच्या जागेवर येतं. एवढंच. बरोबर लोकरीचे मोजे, इतके लहान की तिने कशावर माप घेतलं कळत नाही. त्या हातांनी आता ती कधी विणते तेही.

तू नाताळला घरी जा, एली. मला तान्हीला घेऊन जाता येणार नाही. कोणीतरी जायला हवं.

माया आहे, ती तिकडेही थोडी घेऊन जा.
तुझी,
फीमी


केस्टरिग,
६ मार्च १९१०

चि. एलीस,
आईचे आशीर्वाद. अक्षर लागेल तेवढं लाव. बाकी सोडून दे.

तू नाताळला आली नाहीस. यार्मथला जाळी शिवायचं काम मिळालं असं लिहिलंस. बरं झालं. फीमी लिहिते की तुला लाज वाटते म्हणून येत नाहीस. कसली लाज? मी तुझ्या जागेवर उभी नाही. मी माझ्या छपराखाली उभी आहे.

घर कोल्डशीलसारखंच आहे, फक्त खिडकी दुसऱ्या अंगाला, त्यामुळे मी अजून सकाळी भिंतीकडे बघून उठते. मांजर परत कोल्डशीलला गेलं होतं, नव्या माणसांनी आणून दिलं. बाबांची एक घोडी चावते. त्यांना ती आवडते. मी शेतात असते म्हणून संध्याकाळी बटाटे ते उकडतात. पहिला महिना करपलेलेच खाल्ले. लक्ष ठेवलं नाही की करपतात, हे त्यांना आता कळलं. माझी पाठ आहे तशी आहे. शेजारच्या सरीतली पोर दांडगी आहे पण बडबडते फार. तुझ्यासारखी.

परवा विचारणी झाली. हेरनसाहेब आला तेव्हा बाबा घोडीचा खूर मांडीवर घेऊन बसले होते. त्याने विचारलं, राहणार का. बाबा म्हणाले, राहतो. मग त्याने विचारलं, आणि बाई आहे ना. मी बांधापलीकडे सरीत होते, ऐकू येत होतं. बाबांनी खूर खाली ठेवला. आणि म्हणाले, ती बघा तिकडे आहे, तिला विचारा.

हेरनला थट्टा वाटली. बाबा दुसरा खूर उचलून बघायला लागले, तेव्हा तो समजला. चांगले बूट घालून आला होता. चिखलातून बांध ओलांडून माझ्यापर्यंत आला, टोपीला हात लावला, आणि मला विचारलं.

एली, हे मला जन्मात कोणी विचारलं नव्हतं. लहानपणी माझ्या बापाने सांगितलं, आहे की. मग तुझ्या बाबांनी सांगितलं. बाजारात मीच सांगितलं. विचारलं कोणी नाही.  नाही म्हणून बघावं असंही मनात आलं, कसं वाटतं ते कळावं म्हणून. पण मग मेमध्ये कुठे जायचं? पुन्हा वुलर, पुन्हा बाबांची टोपी छातीवर. हो सोडून दुसरं काही म्हणता येत नव्हतं. म्हणून मी हातातली सरी पुरी करेपर्यंत त्याला उभा ठेवला. लांब सरी होती. वारा होता. मग हो म्हटलं.

संध्याकाळी बाबांनी बूट काढून चुलीशी ठेवले. मग मला म्हणाले, तुला नाही म्हणायचं होतं का?

मी म्हटलं, बटाटे करपतायत, तिकडे बघा.

फीमीच्या मार्जरीला मोजे लहान झाले असतील, नवे धाडते. तुला वाटेल तेव्हा ये, वाटलं नाही तर पत्र धाड. लोभ वाढवायला सांगत नाही, आहे तेवढा पुरतो.

तुझी आई,
मार्जरी टेट